टिक करण्यापूर्वी: ऑडिट विभागातील उन्हाळी इंटर्नशिपविषयी

प्रश्न: मी पदवीची विद्यार्थिनी असून एका मोठ्या व्यावसायिक सेवा फर्मच्या ऑडिट विभागात आठ आठवड्यांची उन्हाळी इंटर्नशिप करते आहे. त्यांपैकी चार आठवडे संपले. आतापर्यंत मी बिले खतावणीशी ताडून टिक केली, एका गोदामात स्टॉक मोजणीला गेले, क्लायंटच्या ग्राहकांना पाठवायची बॅलन्स कन्फर्मेशनची, म्हणजे त्यांच्याकडून किती शिल्लक येणे आहे ते विचारणारी, पत्रे तयार केली आणि मागच्या वर्षीच्या फाइलमधील तक्ते या वर्षीच्या आकड्यांनी भरले. हे काम कोणीही करू शकेल असे वाटते. सीनिअर सतत कामात असतात, त्यामुळे विचारायला संकोच होतो. आणि माझ्या वर्किंग पेपरवर (केलेल्या तपासणीच्या नोंदीवर) आलेल्या रिव्ह्यू नोट्स, म्हणजे वरिष्ठांचे शेरे, पाहून आपण कमी पडतो आहोत अशी भीती वाटते. उरलेल्या चार आठवड्यांत मी काय करावे, आणि शेवटी नोकरीचा प्रस्ताव मिळणे कशावर ठरते?

उत्तर: तुमच्या पत्रातील ‘हे काम कोणीही करू शकेल’ या वाक्यापासून सुरुवात करतो, कारण माझ्या मते बाकीच्या सगळ्या अडचणी त्या एका समजुतीतून निघाल्या आहेत. मी वीसहून अधिक वर्षे ऑडिटमध्ये आहे आणि दरवर्षी माझ्या टीममध्ये एक-दोन इंटर्न असतात. तुम्ही सांगितलेली चारही कामे त्यांना मिळतात आणि बहुतेकांना चौथ्या आठवड्यापर्यंत तुमच्यासारखेच वाटू लागते. पण अहवालावर सही करणारा पार्टनर त्या गोदामात गेलेला नसतो आणि ते बिल त्याने हातात घेतलेले नसते. त्याच्यासमोर असतो तो वर्किंग पेपर, आणि त्या पेपरवर ‘पाहिले’ असे लिहिणारी व्यक्ती या वेळी तुम्ही आहात. तुमच्या आणि त्या वस्तूच्या मध्ये दुसरे कोणी नाही. मॅनेजर तुमचा पेपर कितीही काळजीपूर्वक वाचो, तुम्ही जे पाहिलेच नाही ते त्याला त्या पेपरमध्ये दिसणार नाही.

स्टॉक मोजणी आणि कन्फर्मेशन ही दोन कामे इतकी रुळलेली आहेत की ती पहिल्यापासून होतच असावीत असे वाटते, तसे नाही. १९३८ साली अमेरिकेतील मॅकेसन अँड रॉबिन्स या औषध कंपनीचा घोटाळा उघडकीस आला. कंपनीने ताळेबंदात दाखवलेल्या सुमारे ८.७ कोटी डॉलरच्या मालमत्तेपैकी सुमारे १.९ कोटी डॉलरची मालमत्ता, म्हणजे गोदामातील माल आणि ग्राहकांकडून येणे असलेली रक्कम, अस्तित्वातच नव्हती. ऑडिटरांनी कागद तपासले होते आणि कागद एकमेकांशी जुळतही होते, कारण ते जुळावेत अशाच रीतीने तयार केलेले होते. गोदामात जाऊन माल पाहणे किंवा ग्राहकाला थेट पत्र लिहून शिल्लक विचारणे हा त्या काळी ऑडिटचा सर्वमान्य भाग नव्हता. १९३९ मध्ये अमेरिकेतील हिशेबनीसांच्या संस्थेने या दोन्ही गोष्टी नेहमीच्या कार्यपद्धतीत आणल्या. तुम्हाला गोदामात पाठवले गेले त्यामागे हा इतिहास आहे, आणि इंटर्नला तो पहिल्याच दिवशी सांगितला जावा असे मला मनापासून वाटते.

कन्फर्मेशनच्या पत्रांचेही तसेच. तुम्ही पत्रे ‘तयार केली’ असे लिहिले आहे. ती पाठवली कोणी, पत्ते कोठून घेतले आणि उत्तरे कोणाकडे आली, हे तुम्ही पाहिले का? आंतरराष्ट्रीय लेखापरीक्षण मानक ५०५ प्रमाणे पत्र कोणाला जायचे हे ठरवण्यापासून उत्तर थेट ऑडिटरकडे येईपर्यंतचा ताबा ऑडिटरकडे राहिला पाहिजे. क्लायंटच्या कर्मचाऱ्याने ‘द्या, आमच्या टपालातून पाठवतो’ असे अगदी चांगल्या हेतूने म्हटले आणि आपण पत्रे त्याच्या हाती दिली, तर येणाऱ्या उत्तराचे पुरावा म्हणून मोल बरेच कमी होते. जून २०२० मध्ये जर्मनीच्या वायरकार्ड कंपनीने मान्य केले की आपल्या हिशेबात दाखवलेले १.९ अब्ज युरो बहुधा अस्तित्वातच नाहीत. त्या रकमेची पुष्टी म्हणून सादर झालेले कागद खोटे निघाले. तेव्हा पाकिटावरचा किंवा ईमेलचा पत्ता क्लायंटच्या यादीखेरीज दुसऱ्या स्वतंत्र ठिकाणाहून पडताळून घेणे हे कारकुनी काम आहे असे समजू नका.

यानंतर माझी स्वतःची एक चूक सांगतो. कामाला लागून काही महिने झाले असताना मी एका गोदामात मोजणीला गेलो होतो. एका मालाचे खोके ढिगात रचलेले होते: लांबीत सहा, रुंदीत पाच आणि उंचीत चार थर. मी गुणाकार केला, १२० लिहिले, यादीतही १२० होते, आणि टिक केली. सोबतच्या सीनिअरने विचारले, ‘आतले खोके पाहिलेत?’ मी पाहिले नव्हते. शिडी आणून वरच्या थरातील मधले खोके उचलले, तेव्हा त्यांच्याखाली एक फळी निघाली आणि फळीखाली दोन खोक्यांच्या जागा जमिनीपर्यंत मोकळ्या होत्या. प्रत्यक्षात खोके ११४ होते. फसवणूक काही नव्हती. आधीच्या आठवड्यात मधून सहा खोके काढून दुसरीकडे नेले होते आणि नोंद करायची राहिली होती. सीनिअर रागावल्या नाहीत. त्यांनी माझा तक्ता हाती घेतला आणि विचारले, ‘इथे तुम्ही “मोजले” असे लिहिले आहे. तुम्ही मोजले होते का?’ मी हिशेब करून आकडा काढला होता आणि तो यादीशी जुळल्यामुळे मला बरे वाटले होते, एवढेच खरे होते.

तेव्हापासून मी इंटर्नना एक सवय लावण्याचा प्रयत्न करतो, आणि तुमच्या उरलेल्या चार आठवड्यांसाठीही माझे मुख्य सांगणे तेच आहे. प्रत्येक पेपर लिहिताना तीन गोष्टी वेगळ्या ठेवा: मी काय पाहिले, मला काय सांगितले गेले आणि मी काय गृहीत धरले. ‘माल खराब झालेला नाही’ असे वाक्य लिहिण्यापूर्वी ते या तिन्हींपैकी कशात बसते ते पाहा. तुम्ही खोके उघडून पाहिले असतील तर किती उघडले ते लिहा. गोदामाच्या व्यवस्थापकाने तसे सांगितले असेल तर कोणी आणि कोणत्या तारखेला सांगितले ते लिहा. बाहेरून खोके चांगले दिसले म्हणून आतला मालही चांगला असावा असे तुम्ही मानले असेल, तर तेही स्पष्ट लिहा. सीनिअरला ते पुरेसे वाटले नाही तर पुढे काय करायचे हे तो ठरवील. क्लायंटचे उत्तर हा पुरावा नाही असे नाही, परंतु केवळ विचारणा करून मिळालेला पुरावा बहुतेक वेळा एकटा पुरेसा नसतो. तुम्ही तो ‘पाहिले’ या शब्दाखाली लपवलात, तर तो अपुरा आहे हे वरच्या कोणालाच कळणार नाही.

टिक करताना आणखी एक गोष्ट समजून घेतली पाहिजे, ती म्हणजे दिशा. तुम्ही खतावणीतील नोंद निवडून तिचे बिल शोधत होतात, की बिलांच्या गठ्ठ्यातील बिल उचलून त्याची खतावणीतील नोंद शोधत होतात? दोन्हींत कागद तेच असतात आणि टिकही तशीच दिसते, पण प्रश्न वेगळा असतो. नोंदीकडून कागदाकडे गेलात तर नोंदलेला व्यवहार खरोखर झाला का, हे तपासले जाते. कागदाकडून नोंदीकडे गेलात तर झालेला व्यवहार नोंदवायचा राहिला का, हे तपासले जाते. विक्री फुगवली असेल अशी शंका असेल तर पहिली दिशा हवी आणि देणी लपवली असतील अशी शंका असेल तर दुसरी; कारण जी नोंद पुस्तकात नाहीच, ती पुस्तकातून नमुना काढून कधीही सापडणार नाही. स्टॉक मोजणीतही यादीतून वस्तू निवडून जमिनीवर शोधायची असते आणि जमिनीवरची वस्तू निवडून यादीतही शोधायची असते. इंटर्नना मी हा प्रश्न हमखास विचारतो आणि ज्यांनी शंभर टिका केलेल्या असतात त्यांनाही बरेचदा तो नवीन असतो. दोष त्यांचा नाही. ‘या पंचवीस बिलांचे व्हाउचिंग करून टाका’ एवढेच त्यांना सांगितलेले असते. म्हणून पुढचे काम मिळाले की सुरुवातीलाच विचारा: ‘यात काय चुकलेले असू शकते असे आपल्याला वाटते?’ या एका प्रश्नाने नमुना, दिशा आणि कागद या तिन्हींचा अर्थ लागतो.

मागच्या वर्षीच्या फाइलमध्ये नवे आकडे भरण्याविषयी मला तुम्हाला सावध करायचे आहे. हे काम सोपे दिसते आणि त्यातच धोका आहे. मागच्या वर्षीचा निष्कर्ष, मागच्या वर्षीचे कारण, कधीकधी मागच्या वर्षी ज्याला भेटलो त्या कर्मचाऱ्याचे नावसुद्धा तसेच पुढे सरकते आणि तो कर्मचारी केव्हाच नोकरी सोडून गेलेला असतो. जुनी फाइल जरूर वाचा, कारण क्लायंटचा व्यवसाय समजून घ्यायला तिच्यासारखे साधन नाही. पण मजकूर लिहिताना ती मिटून ठेवा, स्वतःच्या शब्दांत लिहा आणि मग दोन्ही शेजारी ठेवून पाहा. फरक दिसला तर तो व्यवसायातील बदल आहे की तुमच्या समजुतीतील उणीव, हे शोधताना तुम्ही जे शिकाल ते कोणत्याही प्रशिक्षणवर्गात मिळत नाही. मागच्या वर्षी व्याजाचा खर्च अमुक होता आणि कर्ज दुप्पट होऊनही तो या वर्षी तेवढाच आहे, हे तक्ता भरणाऱ्याच्याच सर्वांत आधी लक्षात येऊ शकते.

आता रिव्ह्यू नोट्स. त्या कमीपणाची खूण नव्हेत. लेखापरीक्षण मानक २३० मध्ये कागदपत्रांसाठी एक कसोटी दिलेली आहे: त्या ऑडिटशी पूर्वी कसलाही संबंध नसलेल्या अनुभवी ऑडिटरला केवळ पेपर वाचून काय काम केले, त्यातून कोणता पुरावा मिळाला आणि निष्कर्ष कसा काढला, हे कळले पाहिजे. रिव्ह्यू करणारा त्या अनोळखी ऑडिटरच्या जागी बसून वाचत असतो. ‘हा आकडा कोठून आला?’ या नोटचा अर्थ ‘तुम्हाला काम येत नाही’ असा नसून ‘त्या अनोळखी माणसाला हे कळणार नाही’ असा आहे. माझ्याही पेपरवर अजून नोट्स येतात. मात्र तीच नोट दुसऱ्या पेपरवर पुन्हा आली तर ती गंभीरपणे घ्यावी. मी तुमच्या जागी असतो तर आतापर्यंत आलेल्या सर्व नोट्स एका पानावर उतरवल्या असत्या आणि नवा पेपर सोपवण्यापूर्वी ते पान समोर ठेवून एकदा वाचला असता. बहुतेकांच्या नोट्स शेवटी चार-पाच प्रकारांतच बसतात: स्रोत लिहिलेला नाही, टिकच्या खुणेचा अर्थ दिलेला नाही, फरकाचे कारण नाही, निष्कर्ष नाही.

संकोचाबद्दल. सीनिअर कामात असतात हे खरे आहे आणि दर दहा मिनिटांनी विचारणे योग्य नाही हेही खरे. पण न विचारता दोन दिवस चुकीच्या दिशेने केलेले काम त्यांना अधिक महाग पडते. माझ्या टीममध्ये मी असे सांगतो की अडल्यावर अर्धा तास स्वतः प्रयत्न करा, जुनी फाइल पाहा, आणि मग प्रश्न मांडा. शक्यतो तीन-चार प्रश्न एकत्र घेऊन, आणि प्रत्येकासोबत ‘मी हे पाहिले, मला असे वाटते, इथे अडले आहे’ अशी मांडणी करून. चूक लक्षात आली तर मात्र थांबू नका. ती कितीही लहान असो, त्याच दिवशी सांगा आणि तिच्यावर आधारलेले दुसरे कोणते पेपर बदलावे लागतील तेही सांगा. इंटर्नने चूक केली म्हणून त्याच्यावरचा माझा विश्वास कधी कमी झालेला नाही. ती नंतर दुसऱ्याकडून कळली तेव्हा झाला आहे.

एखादा फरक तुम्ही दाखवला आणि सीनिअरने ‘हा सोडून द्या’ म्हटले, तर तुमचे काम वाया गेले असे समजू नका. प्रत्येक ऑडिटमध्ये महत्त्वाची पातळी, म्हणजे किती रकमेपासून पुढचा फरक हिशेब वाचणाऱ्यासाठी महत्त्वाचा मानायचा ती मर्यादा, आधी ठरवलेली असते. नफा कमावणाऱ्या कंपनीसाठी करपूर्व नफ्याच्या सुमारे ५ टक्के हा पुष्कळदा घेतला जाणारा आधार आहे, आणि क्षुल्लक मानायच्या रकमेची मर्यादा त्याहून बरीच खाली असते. रक्कम सोडायची की नाही हे ठरवणे त्यांच्याकडे, फरक लिहून ठेवणे तुमच्याकडे. एकाच प्रकारचा लहान फरक पाच ठिकाणी दिसला तर तेवढे मात्र पुन्हा निदर्शनास आणा, कारण तेव्हा प्रश्न रकमेचा न राहता क्लायंटच्या अंतर्गत नियंत्रणाचा, म्हणजे चुका रोखण्याच्या त्याच्या व्यवस्थेचा, होतो.

एक गोष्ट तुम्ही विचारलेली नाही, तरीही सांगतो. मुदत जवळ आली की न पाहिलेल्या कागदावर टिक करण्याचा मोह होतो. कधी कोणी ‘टिक करून ठेवा, नंतर पाहू’ असेही म्हणतो. आमच्या व्यवसायात याला ‘घोस्ट टिकिंग’ असे नाव आहे आणि त्यावरून लोकांनी नोकऱ्या गमावल्या आहेत. अशा वेळी वाद घालण्याची गरज नाही. ‘पंचवीसपैकी अठरा पाहिली, सात मिळालेली नाहीत’ असे पेपरवर लिहा आणि तो तसाच सोपवा. अपूर्ण पेपर पूर्ण करता येतो. खोटा पेपर पूर्ण झालेला दिसतो, म्हणून त्याकडे पुन्हा कोणी वळत नाही. त्यातूनही दबाव आला तर मॅनेजरशी किंवा तुम्हाला नेमून दिलेल्या मार्गदर्शकाशी बोला. गोपनीयतेबाबत एवढेच सांगतो की क्लायंटचे नाव आणि आकडे लिफ्टमध्ये, मित्रांत किंवा नोकरीच्या अर्जात येऊ देऊ नका, आणि क्लायंटचा कोणताही तक्ता सर्वांसाठी खुल्या असलेल्या एआय साधनात टाकू नका, मग केवळ सूत्र दुरुस्त करून हवे असले तरीही.

उरलेल्या चार आठवड्यांत एक मागणी जरूर करा. एखाद्या वॉकथ्रूला मला सोबत घ्या, असे सीनिअरला सांगा. त्यात एकच व्यवहार, उदाहरणार्थ एक विक्री, ग्राहकाच्या मागणीपासून मालाची रवानगी, बिल, खतावणी आणि शेवटी बँकेत जमा होणाऱ्या रकमेपर्यंत माणसांशी बोलत बोलत पाहिला जातो. तुम्ही आजवर टिक केलेले कागद कोणाच्या टेबलावरून कोठे जातात, कोण मंजुरी देतो आणि कोणती पायरी प्रत्यक्षात वगळली जाते, हे तिथे दिसते. उन्हाळ्यात ही संधी मिळेल की नाही हे क्लायंटच्या हिशेबी वर्षावर अवलंबून आहे. ज्यांचे वर्ष डिसेंबरअखेर संपते त्यांचे नियोजन आणि अंतरिम काम साधारण वर्षाच्या मध्यापासून सुरू होते, त्यामुळे अशा टीममध्ये विचारून पाहा. कर किंवा सल्ला विभागातही एखादा दिवस घालवता आला तर घालवा, पण विभागांमागून विभाग पाहण्यापेक्षा एका क्लायंटचे काम खोलवर समजणे मला अधिक मोलाचे वाटते.

नोकरीच्या प्रस्तावाबद्दल. किती जागा आहेत, हे तुमच्या हातात नाही आणि चांगल्या इंटर्नलाही कधीकधी जागा नसल्यामुळे थांबावे लागते. माझ्या अनुभवात निवडीच्या बैठकीत मॅनेजर सीनिअरला एकच गोष्ट विचारतात: ‘पुढच्या वर्षी ही तुमच्या टीममध्ये चालेल का?’ उत्तर देताना सीनिअरला वेग किंवा सफाई फारशी आठवत नाही. या व्यक्तीने लिहिलेले वाक्य पुन्हा तपासल्याशिवाय मान्य करता येते का, हे आठवते. मध्यावर लेखी अभिप्राय मिळाला नसेल तर या आठवड्यातच पंधरा मिनिटे मागून घ्या आणि ‘मी कशी आहे?’ असे न विचारता ‘माझ्या या पेपरमध्ये तुम्हाला पुन्हा काय करावे लागले?’ असे विचारा. याचे उत्तर देणे सोपे असते आणि त्यातून तुम्हाला उपयोगाचे काही हाती लागते.

शेवटच्या दिवसाच्या दोन दिवस आधी हस्तांतराची एक टिप्पणी तयार करा. कोणते पेपर पूर्ण झाले, कोणते अर्धवट आहेत, कोणती कागदपत्रे क्लायंटकडे कोणत्या तारखेला मागितली, कोणत्या कन्फर्मेशनची उत्तरे आलेली नाहीत, आणि कोणत्या ठिकाणी तुम्ही गृहीत धरले पण पाहू शकला नाहीत. अहवालाच्या तारखेनंतर अंतिम फाइल बांधून पूर्ण करायला मानकांप्रमाणे साधारणपणे ६० दिवसांपेक्षा जास्त अवधी घेता येत नाही, आणि त्या दिवसांत तुम्ही तिथे नसाल. तेव्हा ती टिप्पणी हाती घेणाऱ्या माणसाला तुम्हाला फोन करावा लागू नये, इतकी ती स्पष्ट लिहा.